पळीच्या प्रदक्षिणा

त्या राज्यात वर्षातले चार महिने भाजी येत नसे. मळ्याची वाट पाण्याखाली जाई, आणि ती पुन्हा वर येईपर्यंत टोपल्यांची ये-जा बंद राही. राज्य भांड्यांचं होतं. राजा कुणीच नव्हता. फळ्या होत्या, कोनाडे होते, एक न्हाणी होती, देवाचा एक कोनाडा होता, आणि मागच्या अंगणात तुळस होती. ज्याला जे काम येतं ते त्यानं करावं आणि जेवणवेळेला सगळ्यांनी जवळ यावं, एवढाच काय तो कायदा.

त्या चार महिन्यांची तयारी उन्हाळ्यात चाले. जुनी भांडी अजूनही एकत्र बसली की त्या उन्हाळ्यांच्या गोष्टी काढतात. सुपं आणि पराती उजाडायच्या आत अंगणात जागा धरून बसत, आणि उशिरा आलेल्या चाळणीला कडेची, सावलीची जागा मिळाली की ती दिवसभर कुरकुरत राही. ताकमिठात बुचकळलेली गवार एका परातीत, कोहळ्याचे सांडगे दुसरीत. मेथीच्या जुड्यांना मात्र ऊन सोसत नसे, त्या ओसरीवर सावलीत वाळत. विळी दोडका सोलताना शिरा निगुतीनं बाजूला ठेवी, कारण संध्याकाळी खलबत्ता चटणीसाठी त्या मागायला येई. आलं वाळूच्या मडक्यात पुरून ठेवलेलं असे. तांदळाचं धुवण तुळशीला जाई. काही म्हणून वाया जात नसे, आणि त्याचं कुणाला विशेषही वाटत नसे. कोथिंबिरीची एक काडी जरी उकिरड्याच्या दिशेनं निघाली, तरी वाटेत कुणीतरी तिला "अगं, तू कुठं चाललीस?" म्हणून अडवी.

पण या सगळ्यात मान असे तो लोणच्याचा. कैऱ्या पाण्यात पोहून निघत, मग जुनं मऊ फडकं एकेकीला मांडीवर घेतल्यासारखं पुसून कोरडं करी. फोडी मीठ-हळदीत निथळत. तेल कढून पूर्ण निवेपर्यंत कुणी घाई करत नसे. आणि शेवटी सगळं थोरल्या बरणीच्या पोटात जाई, तिच्या तोंडावर झाकण बसे आणि वरून पांढऱ्या कापडाचा दादरा बांधला जाई. ही थोरली बरणी तपकिरी खांद्यांची, पांढऱ्या पोटाची आणि कमी बोलणारी. सगळं राज्य तिला आक्का म्हणे. चार महिने भाकरीबरोबर जे काही ताटात पडे, ते बव्हंशी आक्काच्या पोटातलं असे.

आक्काचा एकच नेम होता. तिच्याकडे कोरड्यानं यायचं. का, ते ती सांगत नसे. तिच्या शेजारी, कोपऱ्यात, तिच्यासारखीच पण जराशी लहान अशी एक बरणी पालथी ठेवलेली होती. ती धाकटी. ती कधी उताणी झालेली नव्या भांड्यांपैकी कुणी पाहिली नव्हती, आणि जुनी भांडी तिच्याविषयी बोलत नसत.

या एका नेमामुळे आक्का जरा वेगळी पडली होती. कारण बाकी राज्यात ओलेत्याइतकं पवित्र काही नव्हतं. सणावाराला प्रत्येक भांडं न्हाणीत जाई, स्नान करी आणि अंग न पुसता, पाणी निथळत असतानाच देवाच्या कोनाड्यापुढे उभं राही. न्हाणीचे मालक घंगाळबुवा. त्यांचा घेर मोठा, आवाज घुमणारा, आणि सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

"आक्काबाईंना पाण्याचं वावडं," असं ते येताजाता म्हणत. "चार महिने राज्याला खायला घालतात, मान्य आहे. पण स्नान केलेल्याला दारातून परत पाठवायचं? आम्ही तर बुवा असं कुठं ऐकलं नाही."

आक्का ऐकून घेई. तिच्यावरचा दादरासुद्धा हलत नसे.

रोज आक्काकडून फोड आणायचं काम लाकडी पळीचं होतं. पळी मोठी भाविक. सगळे उपास तिचे, सगळे सोमवार तिचे. एरवी ती फडक्यापाशी अंग पुसून आक्काकडे जाई, आणि सणाच्या दिवशी स्नानाच्या आधीच फोड काढून आणी. असं करून तिनं दोन्हीकडचं सांभाळलं होतं.

पळीचा जीव होता वाटीवर. पितळेची लहानशी वाटी. पळीनं वाढायचं आणि वाटीनं धरायचं, असं दोघींचं रोजचं चाले. एका श्रावणाच्या तोंडावर वाटीच्या आतली कल्हई गेली. तिच्यात वाढलेली आमटी हिरवट दिसू लागली, कडवट लागू लागली. वाटी कळकली होती. आता तिला भट्टीवर पाठवणं आलं. भट्टी राज्याच्या वेशीबाहेर होती. तिथून काही भांडी लखलखीत होऊन येत. काहींच्या बुडाला भोक पडे, आणि ती परत येत नसत.

वाटी निघाली त्या सकाळी पळी देवाच्या कोनाड्यापुढे उभी राहिली. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "देवा, माझी वाटी उजळून घरी येऊ दे. याच श्रावणात सात दिवस मी ओलेत्यानं आक्कांकडून फोड घेईन आणि तुझ्या नैवेद्याच्या पानावर वाढीन. अंग पुसणार नाही."

तिला ठाऊक असलेल्या सगळ्यात पवित्र गोष्टी दोनच. एक ओलेतं आणि दुसरी आक्का. घाबरलेल्या जिवानं त्या दोन्ही एका वाक्यात बांधून टाकल्या.

चौथ्या दिवशी वाटी परत आली. आत डोकावणाऱ्याला आपलं तोंड दिसावं इतकी उजळून आली. तांब्या तिला पाहून म्हणाला, "कोण गं तू, चांदीची?" आणि वाटी इतकी लाजली की सगळी फळी हसली. पळीला तर काय करू आणि काय नको असं झालं. त्या हसण्यातच फडकं हळूच तिच्या जवळ सरकलं.

"पळे," ते म्हणालं, "तू देवाशी काय बोलून बसलीयेस, ते आठवतंय ना?"

तेव्हा कुठे फळीवरचं हसू ओसरलं.

त्या दुपारी चुलीपाशी सगळे जमले. घंगाळबुवा मधोमध बसले होते.

"नवस तो नवस," ते म्हणाले. "इतकी वर्षं आक्काबाई पाण्याला टाळत आल्या. आता देवानंच योग आणलाय."

"आणि लोणच्याला बुरा आला म्हणजे?" चुलीनं विचारलं. तिला बुवांचा घुमणारा आवाज पहिल्यापासून आवडत नसे. "वाट उघडायला अजून अडीच महिने आहेत. तोवर काय वाढायचं ताटात, तुमच्या न्हाणीतलं पाणी?"

"स्नानाचं पाणी ते! देवाच्या कामाला निघालेल्या थेंबानं काही नासलंय का कधी?"

"मी पुसून देते गं," फडकं म्हणालं. "एकदाच. देव काही इतका बारीक बघत नसतो."

पळीनं मान हलवली. "अंग पुसणार नाही असं बोललेय मी. पुसलं आणि माझी वाटी पुन्हा कळकली तर?"

वाटी तिच्या शेजारीच बसली होती, नवी कोरी, आणि चुलीतला जाळ तिच्या तोंडावर हलत होता.

शेवटी सगळे आक्काकडे वळले. नाही म्हणायचा हक्क तिचाच होता. पळीकडे बघून आक्का म्हणाली, "ये बाई. देवाला शब्द दिलायस ना, मग ये."

सभा संपली. सगळे पांगले. आक्काच्या शेजारी दगडी कुंडीत मीठ राहत असे. वयानं ते सगळ्यांत मोठं. त्याला मिठोबा म्हणत. त्या संध्याकाळी दिवेलागणीपासून आक्काचं झाकण तिच्या काठावर बारीक किणकिणत होतं. दादरा बांधलेला होता, वारा नव्हता. मिठोबांनी ते ऐकलं. पाणी म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पावसाळी हवेनं त्यांना स्वतःलाच घाम फुटलेला असे, दरवर्षी ते थोडे थोडे कमी होत.

सकाळी ते पळीकडे गेले.

"नवस पुरा करायचा, तर रीतसर कर," ते म्हणाले. "न्हाणीतून थेट आक्काकडे जायचं नाही. आधी अंगणात तुळशीला एकशे आठ प्रदक्षिणा. मग फोड. मग नैवेद्य."

पळीचा चेहरा उजळला. सोप्यात सुटणाऱ्या नवसावर तिचा विश्वासच बसला नसता. "एकशे आठच? मी दोनशे घालीन, मिठोबा!"

हे शास्त्रात कुठे सांगितलंय, असं विचारायला घंगाळबुवांनी तोंड उघडलं. पण भक्तीत कुणी भर घालत असेल, तर त्याला नको म्हणणं काही बरं दिसलं नसतं. त्यांनी तोंड मिटलं.

पहिल्या दिवशी श्रावणातलं कोवळं ऊन पडलं होतं. पळी न्हाणीतून निथळत निघाली आणि तुळशीभोवती फिरू लागली. तिचं अंग लाकडाचं. लाकूड वरून कोरडं दिसलं तरी आत पाणी धरून असतं, ते सावकाश सुटतं. पहिल्या वीस फेऱ्यांत तिच्यामागे ओल्या ठिपक्यांचा गोल उमटला. पन्नाशीला ठिपके थांबले. शंभराला तिच्या अंगाला ऊन लागल्यासारखा सुका वास येऊ लागला. एकशे आठ झाल्या तेव्हा ती दारात उभी राहिली, आणि आक्कानं दादरा सोडला. पळी आत गेली, फोड घेऊन आली. झाकण बसताना मुळीच किणकिणलं नाही.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसरा, चौथाही. "बघा, स्नान करून आली, काही झालं का?" असं घंगाळबुवा सगळ्यांना सांगत सुटले. मिठोबा मात्र सारखे आकाशाकडे बघत होते.

पाचव्या दिवशी ऊन पडलंच नाही. पाऊसही नव्हता. नुसतं खाली उतरलेलं, करडं आभाळ होतं आणि हवेत दमटपणा. पळीनं एकशे आठ फेऱ्या घातल्या, मनातल्या मनात नीट मोजून, आणि आत आली. नैवेद्याचं पान मांडून झालं होतं. डाव्या बाजूची लोणच्याची जागा तेवढी रिकामी होती.

आक्कानं नेहमीसारखा दादरा सोडला. झाकण दूर झालं. पळी आत वाकली. आतलं तेल आरशासारखं स्थिर होतं, आणि त्या तेलात तिला स्वतःचं तोंड दिसलं. तोंडाच्या कडेला, खाली, एक थेंब लटकत होता.

ती तशीच थांबली. हलली असती तर थेंब पडला असता. नजर तेवढी फिरवता येत होती, म्हणून तिनं कोपऱ्यात पाहिलं. तिथे धाकटी पालथी बसली होती. इतकी वर्षं पळी तिच्या शेजारून गेली होती, आणि तिला वाटे, दमून झोपली असेल.

"आक्का," तिनं हळू आवाजात विचारलं, "या धाकट्या अशा पालथ्या का हो?"



"सणाचा दिवस होता," आक्का म्हणाली. "सगळ्यांची घाई चाललेली. एक थेंब पडला तिच्यात. तीर्थाचा होता गं तो थेंब."

पळी जपून, अगदी जपून मागे सरली. थेंब बाहेर जमिनीवर पडला, त्याचा टप्प असा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"झाकण घाला, आक्का," ती म्हणाली. "माझं अजून व्हायचंय."

आणि ती पुन्हा अंगणात उतरली.

घंगाळबुवांनी न्हाणीतून ते पाहिलं. "अहो पळीबाई! झाल्या की एकशे आठ! नैवेद्य खोळंबलाय, मोजता येत नाही का?"

"आज मोजत नाहीये, बुवा," पळी म्हणाली आणि पुढे गेली.

दुपार झाली. नैवेद्य झाल्याशिवाय त्या राज्यात कुणी जेवत नसे, म्हणून कुणीच जेवलं नाही. आभाळ तसंच होतं. ताट उगाचच पालथं-उताणं होत राहिलं. पळीची चाल मंदावली, पण ती थांबली नाही. चुलीला आता बसवेना. तिनं नैवेद्यासाठी राखून ठेवलेला निखारा फुंकला, आणि मागच्या दारापाशी पळी आली की तिच्यावर उबेचा एक श्वास सोडायला सुरुवात केली. प्रत्येक फेरीला एक.

"माझ्यामुळे ही फिरतेय," असं म्हणून वाटी उठली आणि पळीच्या मागे चालू लागली. तिच्यामागून तांब्या निघाला. मग परात, तिला वळायला फार जागा लागे, म्हणून ती बाहेरच्या बाजूनं फिरली आणि वाटेत कुंपणाला दोनदा धडकली. फडकं मधूनमधून पळीला वारा घाली. अंग पुसत नव्हतं ते, नुसता वारा. त्याला काही हरकत नव्हती.

उशिरा, पार उशिरा, घंगाळबुवाही आले. पण ते चालले की त्यांच्यातलं पाणी हिंदकळून बाहेर सांडे, आणि चार पावलांत त्यांनी सगळ्या वाटेचा चिखल केला.

"बुवा, तुम्ही एका जागी उभे राहा आणि नाव घ्या," चूल म्हणाली. "तेवढी भक्ती पुरे आहे."

बुवा तुळशीजवळ उभे राहिले. त्यांचा आवाज घुमणारा होता, तो पहिल्यांदाच सगळ्यांना बरा वाटला. त्या आवाजावर सगळ्यांची पावलं पडत गेली.

तुळशीपाशी दिवा लागला तेव्हा मिठोबा पुढे झाले. त्यांनी आपल्यातला एक कोरडा खडा पळीच्या तोंडात ठेवला आणि वाट पाहिली. खडा विरघळला नाही, चिकटला नाही. तसाच खडखडत राहिला.

"जा," ते म्हणाले.

त्या दिवशी नैवेद्य दिवेलागणीला झाला. पानावरची फोड लालसर आणि करकरीत होती. त्या एका फोडीबरोबर सगळं राज्य त्या दिवसाचं पहिलं आणि शेवटचं जेवण जेवलं. पुढे कित्येक वर्षं जुनी भांडी म्हणत, तशी भाकरी पुन्हा लागली नाही.

सहावा दिवसही तसाच गेला. सातव्या दिवशी आभाळ मोकळं झालं. पळीचा नवस पुरा झाला, वाटी उजळच राहिली, आणि मळ्याची वाट उघडली त्या सकाळी आक्काच्या तळाशी अजून चार फोडी शिल्लक होत्या.

नवस पुरा झाला तरी प्रदक्षिणा थांबल्या नाहीत. पुढच्या श्रावणात वाटीनं त्या घातल्या, मग तांब्यानं. मग आक्काकडे जायचं म्हटलं की आधी तुळशीला फेऱ्या घालायच्या, असंच होऊन बसलं. ऊन असलं तर थोड्या, आभाळ असलं तर पुष्कळ. आपल्या किती झाल्या, ते ज्याचं त्याला आतून कळे. पळी झिजली आणि एका थंडीत चुलीच्या हवाली झाली. तिच्या जागी दुसरी आली, तिच्या जागी तिसरी. मिठोबा संपले, नवे आले. तीर्थाच्या थेंबाविषयी कुणी काही विचारत नव्हतं, कारण आक्का सोडली तर ते ठाऊक असणारं आता कुणी उरलं नव्हतं.

मग एकदा दुसऱ्या राज्यातून स्टीलचा एक चमचा आला. त्याच्या अंगावर पाणी टिकतच नसे; न्हाणीतून बाहेर पडेपर्यंत तो कोरडा ठणठणीत होई.

"हे तुम्ही फिरता कशासाठी?" त्यानं विचारलं.

"आमच्यात फिरतात," नवी पळी म्हणाली. "का रे, पाय दुखतात तुझे?"

सगळे हसले. चमचाही हसला. त्या दुपारी त्याला आक्काची फोड मिळाली. तिची चव बराच वेळ त्याच्या तोंडात रेंगाळत राहिली. दुसऱ्या सकाळी स्नान झाल्यावर रांगेत तो सर्वांत मागे उभा होता, चकचकीत आणि पूर्ण कोरडा. पहिलं पाऊल कुठलं टाकायचं ते त्याला माहीत नव्हतं. पुढच्यानं टाकलं ते पाहून त्यानंही टाकलं.

इतक्या वर्षांच्या पावलांनी तुळशीभोवतीची जमीन दगडासारखी टणक झाली होती आणि तिची कडा गोल उचलली गेली होती. परतीच्या वाटेवरचा एक कावळा त्या सकाळी अंगणावरून गेला. त्यानं खाली पाहिलं आणि पंख जरा आवरले. त्याला वाटलं, कुणीतरी जमिनीत एक मोठी बरणी पुरलीय. तिचा काठ तेवढा वर दिसत होता, घोटून गुळगुळीत झालेला, आणि आत, मधोमध, काहीतरी हिरवंगार होतं. आत्ताच खुडल्यासारखं ताजं.